बंद पडलेला पंखा

स्वयंपाकघराच्या भिंतींत उंचावर बसविलेला, धूर बाहेर टाकणारा पंखा, ज्यास बाजारांत एक्झॉस्ट फॅन म्हणतात, हा घरांतील सर्वांत दुर्लक्षित नोकर होय. दिवाणखान्यांतील पंख्यावरची धूळ सणावारीं तरी पुसली जाते. याच्या वाट्यास फोडणीचा धूर, तेलाची वाफ आणि पावसाळ्यांत बाहेरून येणारे तुषार एवढेंच येतें. त्याची आठवण होते ती तो बंद पडल्यावर. मग घरांतील एखादे उत्साही गृहस्थ स्टुलावर चढतात, ओल्या ओट्यावर एक पाय टेकतात आणि ‘बटण बंद आहे ना?’ एवढें विचारून पंख्यांत हात घालतात. घात होतो तो नेमका या प्रश्नावर विसंबल्यामुळें.

बटण बंद असणें आणि पंख्यांत वीज नसणें या दोन गोष्टी एक नव्हेत. घरांत येणाऱ्या दोन तारांपैकीं एकीस कारागीर फेज म्हणतात व दुसरीस न्यूट्रल. २३० व्होल्टांचा दाब असतो तो फेजमध्यें. बटण या फेजच्याच वाटेवर बसवावें, असा नियम आहे. म्हणजे तें बंद करतांच दाब पंख्यापर्यंत पोंचत नाहीं. परंतु घाईच्या कामांत, किंवा जुन्या घरांतील लाकडी पट्टीवरच्या तारा बदलतांना, या दोहोंची अदलाबदल झाली, तर बटण न्यूट्रलवर येतें. पंखा तरीहि बटणाबरोबर चालू होतो, बटणाबरोबर थांबतो. त्यामुळें कोणास संशय येण्याचें कारणच उरत नाहीं. मात्र थांबलेल्या त्या पंख्याच्या पोटांतील तारांत पूर्ण दाब तसाच राहिलेला असतो. ही चूक वर्षानुवर्षें झांकून राहते, आणि उघडकीस येते ती कोणाचा तरी हात लागल्यावर.

अशा वेळीं फ्यूज किंवा एमसीबी माणसास वाचवील, ही समजूत फार पसरलेली आहे. थोडा हिशेब करून पाहावा. असा पंखा सुमारें ५० वॅट वीज घेतो, म्हणजे पाव अँपियरच्या आसपास. त्याच्या मार्गावरील एमसीबी बहुधा ६ अँपियरचा असतो. आणि एका अँपियरचे हजार भाग केले, तर त्यांतील पन्नास भाग क्षणभर छातींतून वाहिले तरी हृदयाची गति बिघडून मृत्यु येऊं शकतो. एमसीबीस त्याचा पत्ताहि लागत नाहीं. तो तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. माणसासाठीं आरसीसीबी नांवाचें निराळें उपकरण मिळतें. जाणाऱ्या व परत येणाऱ्या विजेंत हजारांतील तीस भागांचा फरक पडला कीं तें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत पुरवठा तोडतें. ज्या घरीं तें नाहीं, तेथें आधीं त्याची सोय करावी. पंख्याचें मागाहून पाहतां येईल. तथापि दोन हातांत दोन तारा धरणाऱ्यास तेंहि वाचवूं शकत नाहीं.

म्हणून पंख्यास हात लावण्यापूर्वीं घराचा मेन स्विच बंद करावा, आणि तो कोणी चुकून लावूं नये म्हणून घरांतील एका माणसास तेथें उभें करावें. नंतर टेस्टर घ्यावा; पण टेस्टरवरहि एकदम विश्वास टाकूं नये. मेन बंद करण्यापूर्वीं तो चालू असलेल्या जागीं लावून त्यांतील दिवा पेटतो कीं नाहीं तें पाहावें, मेन बंद केल्यावर पंख्याच्या तारांस लावावा, आणि काम आटोपून मेन लावल्यावर पुन्हा पहिल्या जागीं लावून पाहावा. बिघडलेला टेस्टर पेटत नाहीं, आणि निर्जीव तारेसहि पेटत नाहीं. दोहोंतला भेद दुसऱ्या कोणत्या रीतीनें कळणार?

आतां बिघाडाकडे. पंखा गुणगुणतो पण फिरत नाहीं, ही तक्रार सर्वांत अधिक ऐकूं येते. अशा स्थितींत तो चालू ठेवणें वाईट, कारण अडलेली मोटार तापत जाते आणि तिच्याभोंवतीं तर तेलकट काजळीचा थर बसलेला असतो. मेन बंद करून, जाळी काढून, पातीं हातानें फिरवावीं. जड लागलीं, तर दोष बुशांत साचलेल्या मळाचा. पातीं उतरवून साबणाच्या कोमट पाण्यांत धुवावीं, मोटार कोरड्या फडक्यानें पुसावी, आणि बुशांत शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडावेत. खोबरेल तेल घालण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. पण तें थंडींत गोठतें. पातीं हलकीं फिरत असून पंखा उठत नसेल, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. त्याचें माप त्याच्यावरच छापलेलें असतें. त्याच मापाचा नवा आणावा, आणि काढलेल्या कंडेन्सरच्या दोन टोकांस एकदम बोट लावूं नये, कारण त्यांत थोडी वीज उरलेली असण्याचा संभव असतो.

दुरुस्तीनंतर पंखा धूर आंत लोटूं लागला, तर पुष्कळ जण फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल करतात. असल्या मोटारीची दिशा त्यानें बदलत नाहीं. बदलतो तो केवळ धोका. उलट दिशेचें मूळ कंडेन्सरच्या जोडणींत असतें, किंवा पंखाच उलटा बसविलेला असतो.

नवी तार ओढतांना दोन गोष्टी पाहाव्या. धातूच्या अंगाच्या पंख्यास तिसरी, हिरवी, अर्थिंगची तार जोडलीच पाहिजे. आणि पंख्यांत शिरण्यापूर्वीं तारेस खालच्या बाजूस थोडा झोळ द्यावा. पावसाचें पाणी तारेवरून ओघळून पंख्यांत न जातां त्या झोळाशीं ठिबकून जातें. कोंकणांत तर हें विसरून चालणारच नाहीं. अर्थात्, दिवा, पंखा, फ्यूज अथवा बटण जागच्या जागीं बदलणें आणि नवी जोडणी करणें, यांत विद्युत् नियमांनीं भेद केलेला आहे. दुसरें काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवून घ्यावयाचें असतें.

शेवटीं एक गोष्ट, जिच्यांत पंखा बिघडलेला नसतो. स्वयंपाकघरांत गॅसचा वास आला कीं हात आपोआप पंख्याच्या बटणाकडे जातो. सिलिंडरमधील गॅस हवेहून जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, उंचावरच्या पंख्याच्या तडाख्यांत सहसा येत नाहीं. बटण दाबतांना उडालेली ठिणगी मात्र त्यास पुरते. पंखा बंद असेल तर बंदच राहूं द्यावा, आणि चालू असेल तर तोहि बंद करावयास जाऊं नये, कारण ठिणगी दोन्ही वेळां उडते. रेग्युलेटर फिरवून गॅस बंद करावा, दारें-खिडक्या हातानें उघडाव्या, सर्वांनीं घराबाहेर यावें, आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर खबर द्यावी.