यंत्राचे मत आणि डॉक्टरांचा निर्णय
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात टोकावड्याकडील एक आजी आपल्या रुग्णालयात आल्या. मधुमेह जुना, परंतु डोळे दुखत नव्हते म्हणून तपासलेच नव्हते. एका डोळ्याची दृष्टी तोवर गेली होती. मधुमेहामुळे दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात आणि बराच काळ रुग्णाला काहीच जाणवत नाही, हेच या विकाराचे कपट आहे.

शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक पाड्यावर नेत्रतज्ज्ञ पोहोचू शकत नाहीत. म्हणून दृष्टिपटलाचे छायाचित्र पाहून मत देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याचा विचार विश्वस्त मंडळापुढे आला आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यक माझा विषय नव्हे. मात्र आकडे वाचण्यात माझे आयुष्य गेले आहे.

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत डॉ. एस. नटराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटविना मोबाईलवर चालणारी अशी प्रणाली तपासली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातील २१३ मधुमेहींपैकी १५ जणांना तज्ज्ञांकडे पाठविणे आवश्यक होते. त्या सर्वांना यंत्राने अचूक ओळखले. ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक असतोच असे नाही. पंधरा जणांवरून काढलेले शंभर टक्के हजारोंच्या बाबतीत टिकतीलच, असे म्हणता येत नाही. अभ्यासकांनीही खालची मर्यादा सुमारे ७८ टक्के दिली आहे. शिवाय ज्यांना पाठविण्याची गरज नव्हती, अशा शंभरांतील अकरा-बारा जणांनाही यंत्राने 'तज्ज्ञांना दाखवा' असे सांगितले. मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठणाऱ्या मजुराची त्यात एका दिवसाची मजुरी बुडते. थायलंडमधील केंद्रांत तर अपुऱ्या अंधारामुळे व अन्य कारणांमुळे सुमारे एक पंचमांश छायाचित्रे यंत्राने नाकारल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून माझी विनंती अशी की, आधी चाचणी व्हावी, खरेदी नंतर. डॉक्टरांनी प्रथम आपले मत लिहावे, मगच यंत्राचे पाहावे आणि त्यानंतर अंतिम निर्णय नोंदवावा. हा क्रम उलटला, तर मनुष्य नकळत यंत्राच्या मागे जातो. जेथे मतभेद होईल, तेथे दुसऱ्या तज्ज्ञांनी दोन्ही मते न पाहता छायाचित्र तपासावे. यंत्र व डॉक्टर एकमत झाले, त्यांतीलही काही छायाचित्रे पुन्हा पाहावीत. कारण दोघे मिळूनही चुकू शकतात. रुग्णाची संमती मराठीत, समजावून घ्यावी. शेवटी, पाठविलेला रुग्ण खरोखर उपचारापर्यंत पोहोचला की नाही, याची स्वतंत्र नोंदवही असावी. त्या रकान्यावाचून बाकीचे आकडे व्यर्थ आहेत.

देणगीदारांच्या पै-पैचा हिशेब देणे माझे कर्तव्य आहेच. परंतु ज्या रुग्णाला 'काही नाही' असे सांगून आपण घरी पाठवू, त्याच्या दृष्टीचे उत्तरदायित्व यंत्र घेणार नाही. ते आपल्या संस्थेकडेच राहील. याच जाणिवेने आपण या चाचणीस अनुमती द्यावी, ही नम्र विनंती.