दाराच्या चौकटीवरची खूण

गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. पुढे नगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करण्यासाठी तो तिथल्या दरबारात येऊ लागला आणि दोघांचा स्नेह जमला. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापून निघाला. त्यात निजामशहाचं नाव पुन्हा पुन्हा येतं.

ऑर्टाचं घराणं मूळचं ज्यू. त्याच्या आईवडिलांना सक्तीने ख्रिस्ती व्हावं लागलं होतं. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये ऑर्टाची हाडं थडग्यातून उकरून जाळली. अशा कुटुंबाला दारावर किंवा भिंतीवर ज्यू धर्माची खूण लावणं म्हणजे मरणाला आमंत्रणच होतं.

त्याच काळात निजामशाहीचं राज्य खाली चौल बंदरापर्यंत पसरलं होतं. त्याच किनारपट्टीवर, अलिबाग, पेण, रोहे भागात बेने इस्राएल हा ज्यू समाज वाढला. नवगावजवळ आपल्या पूर्वजांची गलबतं फुटली, असं हा समाज परंपरेने सांगतो. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. रोहेकर, पेणकर, केहीमकर अशी गावांवरून आडनावं घेतलेल्या या मराठी घरांना आपली खूण लपवावी लागली नाही. गृहसजावटीतल्या आणि भेटवस्तूंमधल्या ज्यू प्रतीकांकडे बघताना हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा.

यातली सर्वांत छोटी वस्तू म्हणजे मेझुझा. घरात शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीची एक डबी, सहसा थोडी तिरपी, ठोकलेली असते. आत चर्मपत्राची सुरळी. तिच्यावर धर्मशास्त्रातले दोन उतारे बावीस ओळींत, लेखनिकाने हाताने लिहिलेले असतात. डबीवर बहुधा 'शिन' हे हिब्रू अक्षर असतं. येता-जाता डबीला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची, ही रीत बेने इस्राएल घरांत आजही दिसते. नव्या घराच्या आनंदात ज्यू कुटुंबाला हीच भेट दिली जाते. काचेच्या, चांदीच्या, ऑलिव्हच्या लाकडाच्या देखण्या डब्या हल्ली सर्रास मिळतात. पण आत हस्तलिखित चर्मपत्र नसेल तर ती नुसती शोभेची नळी. छापील कागद घालून ती विकणं ही ग्राहकाची फसवणूकच आहे.

हनुक्का या सणाच्या दिव्याची गोष्ट वेगळी, कारण तिथे मराठी हात दिसतो. युरोपात मेणबत्त्यांची फांद्यांची दिवठणी रूढ झाली. इकडे लाकडी फळीवर पितळी कड्या बसवल्या, त्यांत काचेच्या वाट्या ठेवल्या आणि खोबरेल तेलात वाती पेटवल्या. आठ रात्रींचे आठ दिवे आणि ते लावायला नववा. पुष्कळदा या कड्यांची मांडणी सहा कोनांच्या ताऱ्यात केलेली असते. भिंतीवर टांगलेला तो तारा उजळला की त्याचं देखणेपण कुठल्याही आयात वस्तूला येणार नाही.

पूर्वी वल्हांडण सणाच्या वेळी बोकडाच्या रक्तात हात बुडवून त्याचा ठसा कागदावर उमटवत आणि तो दारावर लावत. मराठी घरांना हाताचे ठसे परके नव्हतेच. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीदिवसाच्या, पेल्यात द्राक्षारसाऐवजी भिजवलेल्या काळ्या मनुकांचं सरबत असे. भिंतीवर अग्निरथातून निघालेल्या एलियाहू संदेष्ट्याचं रंगीत चित्र लागे. त्याच्या रथाच्या चाकाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्यातल्या खडकावर दाखवतात. त्याच्या नावाने होणाऱ्या मलिदा या विधीच्या ताटात पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं असतात.

या सगळ्याचा उत्तम पुरावा पुण्यात छापला गेला. १८७४ च्या मराठी हग्गादाच्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका नऊवारी नेसलेल्या आहेत. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचायचं हे पुस्तक. धर्म ज्यू, हिब्रूच्या सोबतीला मराठी, आणि चित्रातलं स्वयंपाकघर आपलं. सजावटकारांनी नक्षीसाठी दूरदेशीचे नमुने शोधण्याआधी ही चित्रं बघावीत.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर इथे मोजकी घरं उरली होती. जाताना सगळंच सामान नेता आलं नसणार. म्हणून नगरच्या, पुण्याच्या जुन्या बाजारात कड्या असलेली लाकडी फळी किंवा सहा कोनांचा पितळी तारा दिसला तर तो मोडीत जाऊ देऊ नका. फळी-पितळ वेगळं न करता, वस्तू कुठून आली ते लिहून ठेवा आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला किंवा पुण्यातल्या लाल देवळाला, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनामंदिराला, कळवा.