डोळ्यातला वायू आणि घाटाची वाट

आपला डोळा आतून पोकळ नाही. अंड्यातल्या पांढऱ्यासारखा एक पारदर्शक रस त्यात भरलेला असतो. जेमतेम चार मिलिलिटर, आणि त्यात शेकडा ९८ भाग पाणीच! पण तो एकदा काढला की शरीर पुन्हा तसा तयार करीत नाही.

डोळ्याच्या मागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, भोक पडून सुटला की पुष्कळदा हा रस काढून तेथे वायू भरतात. बुडबुडा वर चढू पाहतो आणि पडदा दाबून धरतो. म्हणूनच रोग्याला कित्येक दिवस पालथे राहायला सांगतात. शस्त्रक्रियेपेक्षा हेच कठीण, असे मला वाटते.

आता गंमत पाहा. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून वायू फुगतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, तर चिखलदरा ११०० च्या आसपास. नागपुरास शस्त्रक्रिया करवून घेऊन मेळघाटचा रोगी एस.टी.ने घाट चढू लागला, तर डोळ्यातला ताण वाढून दृष्टीही जाऊ शकते. विमान तर वर्ज्यच. सल्फर हेक्झाफ्लोराइड दोनेक आठवडे राहतो, परफ्लुरोप्रोपेन सहा ते आठ.

सिलिकोन तेल असे फुगत नाही. डॉ. पॉल सिबिस यांनी १९६२ साली त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. मात्र ते बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावे लागते.

तेव्हा आपले गाव घाटावर आहे, हे डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधीच सांगावे. आणि वायू असेतो दुसऱ्या कशासाठी भूल घ्यायची झाली, तर तेथेही ते सांगावे. भुलीच्या नायट्रस ऑक्साइडनेही बुडबुडा फुगतो.