वीस मिनिटं भरधाव

फेरारी हा शब्द आपल्या मराठी घरांत शिरला तो २००२ साली. सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि त्याला लाल रंगाची फेरारी भेट मिळाली. गाडी इकडे आणायची तर आयात शुल्कच एक कोटीच्या वर जात होतं. सरकारने ते माफ केलं, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी शुल्क कंपनीने भरलं. आमच्या दापोलीकडे एसटी स्टँडवर, ज्यांनी आयुष्यात स्वतःची सायकलही नवी घेतली नव्हती, ते लोक तेव्हा या शुल्काचा हिशेब तोंडपाठ सांगत होते. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच गाडीभोवती रचलेला ‘फेरारी की सवारी’ हा सिनेमा आला. त्यात आरटीओतला एक सरळमार्गी कारकून मुलाच्या क्रिकेटपायी ती गाडी न विचारता काही तासांसाठी घेऊन जातो.

आता न विचारता न्यायची गरज राहिलेली नाही. पैसे भरले की अशी गाडी मोजून काही मिनिटं चालवायला मिळते. इंग्लंडमध्ये हा धंदा बराचसा जुन्या, वापरात नसलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर चालतो. पन्नाशीच्या वाढदिवसाला बायकामुलं त्याचं कूपन भेट देतात. इटलीत मारानेल्लो गावी, फेरारीच्या कारखान्याच्या आसपासच, गाडी फिरवायला देणारी दुकानं आहेत. दहा मिनिटांना शंभर युरोच्या आसपास. जर्मनीत नुर्बुर्गरिंगचा जवळजवळ २१ किलोमीटरचा मार्ग आहे, १९२७ पासूनचा. तिथे तर तिकीट काढून आपली स्वतःचीच गाडी पळवता येते. आणि अबू धाबीत यास बेटावर, जिथे २००९ पासून फॉर्म्युला वनची शर्यत होते, तिथे एरवी पैसे भरून शर्यतीची गाडी चालवता येते. हे पैसे वसूल होतात का, एवढाच आजचा विषय आहे. आणि मी मुख्यतः बोलणार आहे ते अबू धाबीबद्दल, कारण तिथे माझा भाचा राहतो.

भाचा ट्रेलर चालवतो. अकरा वर्षं झाली. बंदरातून कंटेनर उचलायचा, गोदामात पोचवायचा, परत बंदर. ट्रेलर ऐंशीच्या वर न्यायचा नाही, हा त्याचा नियम. २०२४च्या जानेवारीत मी महिनाभर त्याच्याकडे होतो. एके दिवशी जेवताना त्याने सांगून टाकलं, “मामू, मी यासवर एकदा गाडी चालवणार.” त्याला सांगितलेला दर पंधराशे दिरहमच्या थोडा पुढे होता. तेव्हा एक दिरहम साडेबावीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे चौतीस हजारांच्या वर, आणि मिळणार वीस मिनिटं.

त्याच रात्री माझ्या बहिणीचा, म्हणजे त्याच्या आईचा, फोन आला. “भाई, याला वेड लागलंय. घराची कौलं बदलायचीयत, पोरीच्या कॉलेजची फी भरायचीय. आणि हा चौतीस हजार रुपये गाडीत बसायला देणार? दिवसभर गाडीतच तर बसतो! तू मोठा आहेस, तूच समजव त्याला.” फाजील खर्चाला आमच्या घरात इसराफ म्हणतात. तो शब्द तिने त्या फोनमध्ये तीनदा वापरला. तिचं म्हणणं हसण्यावारी न्यावं असं नव्हतं. कोकणात गळक्या छपराखाली एक पावसाळा काढून बघावा, म्हणजे कळतं.

मी स्वतः गाडी चालवत नाही. बी.ए.ला मराठी घेतलेला आणि पुढे कविता लिहीत बसलेला माणूस या बाबतीत काय निवाडा देणार? म्हणून मी आधी नुसते प्रश्न विचारले आणि भाच्याला त्यांची उत्तरं मिळवायला लावली. वीस मिनिटं म्हणजे स्टिअरिंगवर वीस मिनिटं, की हेल्मेट चढवणं, सूचना ऐकणं, फोटो काढणं धरून वीस? मार्ग पूर्ण मिळणार की अर्धा? यासचा मार्ग २०२१च्या बदलानंतर ५.२८ किलोमीटरचा आहे. पण तो मधोमध तोडून त्याचे दोन वेगळे छोटे मार्ग करता येतात. शेजारी बसलेला शिक्षक फक्त बोलणार, की त्याच्या पायाशीही ब्रेक असणार? आणि गाडी कठड्याला घासली तर?

हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तोच सगळ्यांत आधी विचारायला हवा. या धंद्यात साधारण रीत अशी असते की विमा असतो, पण नुकसानीतला पहिला ठरावीक वाटा गिऱ्हाइकाच्या माथी असतो, आणि तो तिकिटाच्या कितीतरी पट असू शकतो. तो कमी करून हवा तर आणखी पैसे. व्हिडिओ हवा तर त्याचेही बहुतेक ठिकाणी वेगळे. चालवणाऱ्यांची बाजूही आहे म्हणा. शर्यतीची गाडी रोज अनोळखी हातांत द्यायची, तिचे टायर आणि ब्रेकच्या पट्ट्या आपल्या घरच्या गाडीसारख्या वर्षानुवर्षं टिकत नाहीत, वर शिक्षकाचा पगार. दर जास्त का, हे कळतं. पण जाहिरातीतला आकडा आणि खिशातून जाणारा आकडा एक नसतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

मारानेल्लोसारखी रस्त्यावरची फेरी मला फारशी पटत नाही. इटलीत गावातून ताशी ५०ची मर्यादा, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ९०ची. ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणारी गाडी घ्यायची आणि ट्रॅक्टरच्या मागे रांगेत चालवायची. त्याच भागात फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनी नावाच्या गृहस्थांनी आधी ट्रॅक्टरचा कारखाना काढला आणि मोटारीचा नंतर, १९६३ साली. तेव्हा तिथे ट्रॅक्टरमागे अडकलात तर वाईट वाटून घेऊ नये! इंजिनाचा आवाज ऐकायला मिळतो, फोटो मिळतो. त्यापलीकडे त्या गाडीत जे आहे ते रस्त्यावर बाहेर येऊच शकत नाही.

यासला एक गोष्ट फार चांगली आहे. आठवड्यातल्या काही ठरलेल्या संध्याकाळी तोच मार्ग गाड्यांना बंद आणि माणसांना खुला असतो, आणि तोही फुकट. चाला, धावा, सायकल चालवा. पैसे भरण्याआधी आम्ही मामा-भाचे तिथे एकदा जाऊन आलो. दिव्यांचा लख्ख उजेड, मलयाळी कुटुंबं, फिलिपिनो मुली, बापाच्या पुढे पळणारी पोरं. मार्गाच्या एका भागावर हॉटेलची इमारत पूल टाकावा तशी आडवी गेली आहे. तिच्याखालून आम्ही चालत गेलो. मी इकडेतिकडे बघत होतो, भाचा खाली बघत होता. डांबर, वळणाच्या कडेचे रंगीत दगड, वळण किती मीटरवर आहे ते सांगणाऱ्या पाट्या. एका पाटीपाशी तो थांबला आणि मागे वळून म्हणाला, “इथून ब्रेक मारतात? मी ट्रेलर घेऊन असतो तर त्या तिकडच्या खांबापाशीच पाय ठेवला असता.” आम्ही अंतर पावलांनी मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं, इतकं ते लांब होतं.

पुढच्या आठवड्यात त्याने पैसे भरले. दोन आसनांची, शर्यतीसाठी घडवलेली अ‍ॅस्टन मार्टिन. शेजारी शिक्षक, हेल्मेटमध्ये त्याचा आवाज. मी बाहेर उभा होतो. मला एक रंगीत ठिपका आणि आवाज एवढंच मिळालं. माझ्यासारख्या बघ्याला, खरं सांगतो, यात काही नाही.

तो बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला होता. मला वाटलं, आता वेगाचा आकडा सांगेल. म्हणाला, “मामू, स्पीडचं काय नाय. ब्रेक. ब्रेक लागतो हो!”

हे नीट समजावून सांगतो, कारण मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटलं. ताशी १०० किलोमीटरने जाणारी चांगली मोटार कोरड्या रस्त्यावर, ब्रेकवर पाय पडल्यापासून, साधारण ४० मीटरमध्ये थांबते. वेग २०० केला तर अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. १६०च्या घरात जातं. आणि २०० च्या वेगात एका सेकंदाला ५५ मीटर मागे पडतात. शर्यतीच्या गाडीचे टायर आणि ब्रेक ही सगळी अंतरं आखूड करायलाच बनवलेले असतात. आता ट्रेलरवाल्याचं आयुष्य बघा. त्याच्या मागे भरलेला कंटेनर त्याला ढकलत असतो. तो दिवसभर करतो काय, तर थांबायची तयारी. लांबचा सिग्नल हिरवा असतानाच त्याचा पाय अर्धा ब्रेकवर. अकरा वर्षं तो असं चालवत आला आणि इथे कानात शिक्षक म्हणतोय, अजून नको, अजून नको, आता. पहिल्या फेऱ्यांमध्ये त्याने पाटीच्या कितीतरी आधी ब्रेक दाबला, तेव्हा गाडी वळणाच्या अलीकडेच रांगायला लागली. शिक्षक हसला म्हणे. शेवटच्या दोन फेऱ्यांत कुठे त्याचा पाय पाटीपर्यंत थांबून राहिला, आणि वेळ संपली.

म्हणून माझं मत असं की तीन-चार फेऱ्यांची जी स्वस्त तिकिटं असतात, तीच खरी महाग. निम्मा वेळ हातापायांची जुनी सवय सुटण्यात जातो. ती सुटायच्या आत बाहेर काढलं तर तुम्ही गाडी चालवलीच नाही, तिच्यात बसून आलात. नुसतंच बसायचं असेल तर यासच्या शेजारीच फेरारी वर्ल्ड नावाचं उद्यान आहे. तिथे २०१० पासून ताशी २४० किलोमीटर वेगाचा पाळणा आहे, उघडला तेव्हा जगातला सर्वांत वेगवान. तो आपोआप जातो आणि आपोआप थांबतो.

जाता जाता एक शब्दाची गोष्ट. आपल्याकडे वेगाला शब्द पुष्कळ: सुसाट, चौखूर, भरधाव. वारा, घोडा, धाव, सगळं त्यात आहे. पण वर्तमानपत्रात ‘भरधाव’ हा शब्द ट्रकशिवाय कधी दिसतो का? भरधाव ट्रकने धडक दिली, भरधाव कंटेनरखाली सापडून. माझ्या भाच्याच्या जमातीच्या वाट्याला हा शब्द फक्त आरोपी म्हणून येतो. त्या वीस मिनिटांत तो भरधाव गेला आणि कुणाची हानी झाली नाही. याची किंमत पंधराशे दिरहम की पाच हजार, ते मला ठरवता येणार नाही, पण काही किंमत आहे हे खरं.

सगळ्यांना मात्र मी हे सांगणार नाही. फोटोसाठी जाणाऱ्याने फोटोपुरतेच पैसे द्यावेत. आणि तिथून आल्यावर ज्याला समृद्धी महामार्गावर तोच खेळ खेळावासा वाटेल, त्याने तर जाऊच नये. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा तो रस्ता २०२५च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला, मर्यादा मोटारींना १२०. तिथे वळणापाशी पाटी नाही, कानात शिक्षक नाही, आणि पुढे कुणाचा तरी भाचा ट्रेलर घेऊन ऐंशीने चाललेला असतो. हौस भागवायची तर आपल्या देशातही शर्यतीचे मार्ग आहेत. ग्रेटर नॉयडात २०११ पासून, चेन्नईजवळ त्याच्याही कितीतरी आधीपासून.

आता बहिणीचं राहिलं. कौलं त्या पावसाळ्याआधी झाली नाहीत. माजघरावर निळी ताडपत्री टाकून तिने २०२४चा पावसाळा काढला. फी वेळेवर गेली. कौलं २०२५च्या एप्रिलमध्ये झाली, तीही भाच्याच्याच पैशांनी. परवा तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा विषय निघाला. तिने विचारलं, “खरं सांग भाई, वसूल झाले का रे ते पैसे?”

मी म्हटलं, “त्याचे झाले.”

“आणि माझे?” म्हणाली, आणि भात उतरवायला आत गेली.