पडद्यासमोरचा वर्ग

आज पदवी घेणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमचे मनःपूर्वक अभिनंदन! कोणी धानाच्या बांधीत, कोणी भरवेलीच्या मँगनीज खाणीत घाम गाळून तुम्हाला इथवर आणले, त्या आईवडिलांना माझा नमस्कार.

१९५६ पर्यंत तुमचे बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या जुन्या नात्याच्या हक्काने मी आज मराठीत बोलतो आहे, पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या आवारातल्या चित्रपटगृहाविषयी.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या आवारात १९३३ साली कोल्हापूरहून प्रभात फिल्म कंपनी आली. १९३६चा ‘संत तुकाराम’ तिथलाच. पुढे कंपनी बंद पडली, पण १९६० साली त्याच जागी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. दिवसा कॅमेरा आणि संकलन शिकणारी मुले संध्याकाळी तिथल्या चित्रपटगृहात सत्यजित राय, कुरोसावा, डी सिका यांच्या चित्रपटांसमोर बसू लागली. त्या अंधारात त्यांचा अर्धा अभ्यासक्रम पुरा होत असे.

पण दाखवायला रीळ तर हवे! मूकपटांची रिळे नायट्रेटची. ती झटकन पेट घेत आणि त्यांतली चांदी काढण्यासाठी भंगारात विकली जात. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी पी. के. नायर तिथे रुजू झाले. दादासाहेब फाळक्यांच्या कुटुंबाकडून त्यांनी १९१९च्या ‘कालिया मर्दन’चे तुकडे मिळवले आणि ते जुळवले. आज फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण होऊन आपल्याला दिसते, ती त्या चिकाटीमुळे.

नायरसाहेबांनी हा ठेवा कुलपात ठेवला नाही. कर्नाटकातल्या हेग्गोडू या लहानशा गावी के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ या संस्थेने जगातले उत्तम चित्रपट दाखवले. त्यासाठी पुण्याहून रिळे गेली, चित्रपट समजावून सांगायला फिल्म इन्स्टिट्यूटचे प्रा. सतीश बहादूर गेले. सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी ‘पथेर पांचाली’ पाहिला आणि त्यावर आपली मते मांडली. उत्तम कला ही मोठ्या शहरांचीच मिरास नाही, हे त्या गावाने दाखवून दिले.

म्हणून तुमच्याकडे माझे मागणे आहे. महाविद्यालयाच्या सभागृहात महिन्यातून एकदा एक चांगला चित्रपट लावा. मोबाइल बंद ठेवून तो अखेरपर्यंत पाहा आणि मग तासभर मोकळेपणाने बोला. आणि इथले जपायलाही शिका. बालाघाटहून जबलपूरला जाणारी नॅरोगेज गाडी २०१५ साली बंद झाली. त्या गाडीने प्रवास केलेली, ती चालवलेली माणसे अजून तुमच्या गावात आहेत. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, त्यांचे फोटो नावानिशी आणि सालासकट नोंदवून ठेवा.

जे आपण जपत नाही, ते पुढच्या पिढीसाठी घडलेलेच नसते. पदवी तुम्हाला नोकरी देईल. आपल्या मुलखाची आठवण राखण्याचे काम मात्र तुम्हाला स्वतःहून अंगावर घ्यावे लागेल. ते आनंदाने घ्या. यशस्वी व्हा!