पठारावरची पवनचक्की आणि आपला अंगठा

(एप्रिलच्या कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण. बोललं तसंच, थोडं नीट करून लिहिलं आहे.)



मला दिलेला विषय जड आहे. हवामान बदल आणि कंपन्यांची जबाबदारी. माझं शिक्षण बारावी. म्हणून मी आपल्या गावात मागच्या महिन्यात जे झालं, तिथूनच सुरुवात करते.

कंपनीची गाडी आली. दोन साहेब आणि एक आपल्याच तालुक्यातला दलाल. शाळेच्या ओट्यावर बसले. रंगीत कागद दाखवला, वर मोठ्या अक्षरात पृथ्वी वाचवा. साहेब मला म्हणाले, "ताई, पवनचक्कीत कोळसा जळत नाही, धूर नाही. तुम्ही तर निसर्गाची लेकरं, तुम्ही सगळ्यात आधी सही करायला पाहिजे." दलालाच्या पिशवीत शाईचं पॅड तयारच होतं.

आता मी असं म्हणणार नाही की साहेब खोटं बोलले. कोळशाच्या धुराने पृथ्वी तापते हे खरं आहे. त्याचा मार आपल्यालाच पहिला बसतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा. मोहाचा बार झडला, आंब्याचा मोहोर झडला, कांदा-गहू झोपला. आपल्याकडे ना कारखाना, ना मोटार. धूर दुसऱ्याचा, गारा आपल्या डोक्यावर. म्हणून आपले काही साथी म्हणतात की पवनचक्की म्हटली की मोडा, ते मला पटत नाही. वाऱ्यावर वीज होते ती चांगलीच आहे. आपला प्रश्न चक्कीच्या पात्याचा नाही, पायाचा आहे.

पाया कुठे घालणार? पठारावर. कंपनीच्या कागदात पठार म्हणजे मोकळी वनजमीन. आपल्याला माहीत आहे तिथे नागली कोण पेरतं, गुरं कोण चारतं, पावसाळ्यानंतर गवत कोण कापतं. त्याच पठारावरचे आपले 11 वनहक्क दावे 2009 पासून पडून आहेत. आणि जागा नुसती खांबापुरती लागत नाही. एकेक पातं चाळीस-चाळीस मीटर लांब. ते वळवायला रुंद रस्ता लागतो, क्रेन उभी करायला सपाट जागा लागते, मग तारा, मग सबस्टेशन. साक्री तालुक्यातल्या पठारांवर जाऊन बघा. वरती पाती फिरतात, आणि खाली वनजमीन कसणाऱ्यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललेलं आहे.

आणखी एक गोष्ट त्या रंगीत कागदात नव्हती. 1997 च्या क्योटो करारातून कार्बनची पावती निघाली. आपल्या देशात पवनचक्कीमुळे एक टन धूर वाचला की एक पावती. ती विकत घ्यायची परदेशातल्या कारखान्याने, आणि त्या पावतीवर आपला तेवढा धूर चालू ठेवायचा. 2012 पर्यंत त्या पावत्यांचा भाव एका युरोच्या खाली कोसळला ते वेगळं. पण भाव होता तेव्हा पैसा कोणाला मिळाला? वारा पठारावरचा, पावती कंपनीची, आणि पठारावर राहणाऱ्याला कोणी विचारलंसुद्धा नाही.

साहेबांनी जाताना सांगितलं की शाळेला दप्तरं देऊ, टाकी बांधू. तो काही उपकार नाही. 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायला सांगितलं आहे. दप्तरं घेऊ नका असं मी म्हणत नाही, पोरांना लागतात. पण दप्तर म्हणजे जमिनीचा मोबदला नाही. कंपनी जबाबदार आहे का, हे उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे कमावले त्यावरून कळतं.

ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण आपल्या पुस्तिकेत आहे, पण त्यातली एक बाजू आपण कमी सांगतो. डोंगरिया कोंध लोकांच्या डोंगरावर वेदांता कंपनीला बॉक्साइट काढायचं होतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल 2013 चा, ग्रामसभांनीच ठरवावं असा. बाराच्या बारा ग्रामसभा नाही म्हणाल्या. पण त्याच्या कितीतरी आधी, 2007 साली, नॉर्वे सरकारच्या पेन्शन फंडाने त्या कंपनीतला पैसा काढून घेतला. 2010 साली चर्च ऑफ इंग्लंडने शेअर विकले. कोर्टाने सांगायची वाट त्यांनी बघितली नाही. म्हणजे कंपनीच्या वरही पैसेवाले मालक असतात आणि त्यांनाही प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे आलेल्या कंपनीत पैसा कोणाचा आहे, हे आपण साहेबांना विचारलंच नाही. ही आपली चूक. मी तिथेच बसले होते, माझीही चूक.

कायदा आपल्या बाजूने आहे. वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं, दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला जमिनीवरून हलवायचं नाही. ऑगस्ट 2009 च्या पर्यावरण मंत्रालयाच्या पत्रात सांगितलं होतं, वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती पाहिजे. मात्र फेब्रुवारी 2013 मध्ये रस्ते, तारा, पाइपलाइन यांना संमतीतून सूट दिली. म्हणून उद्या कोणी म्हणालं की आम्ही फक्त तार नेतोय, तर तार कुठून कुठे जाते ते नकाशावर बघायचं.

एक मेच्या ग्रामसभेत कंपनीचा ठराव येणार आहे. आपण म्हणायचं की आधी 11 दावे निकाली काढा. मग करार मराठीत वाचून दाखवा. एकदाच पैसे नकोत, दरसाल भाडं पाहिजे, आणि कार्बनच्या पावत्या विकल्या तर त्यातलाही वाटा. आपल्या पाड्यावर रात्री वीज नसते, ती आधी. हे मान्य करणारी कंपनी असेल तर बसून बोलू. नसेल तर पठार आहे तसं राहू दे.

पण खरी अडचण वेगळीच आहे. ग्रामसभेला निम्मी माणसं हजर लागतात, त्यात एक तृतीयांश बाया. आपलं अर्धं गाव अजून बारडोलीकडे ऊसतोडीला आहे. गाव रिकामं असताना हजेरीच्या वहीत अंगठे कसे भरतात ते आपण पाहिलेलं आहे. म्हणून आज जेवणानंतर पाड्यावार यादी करू. कोण कोणत्या पडावावर आहे, कोणाकडे फोन आहे, मुकादम कधी सोडणार. ज्यांना येता येणार नाही त्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहायची आणि सभा सुरू होतानाच ग्रामसेवकाच्या हातात द्यायची. तो कागद मी लिहिते. नावं सांगायला प्रत्येक पाड्यातून एक बाई माझ्याजवळ बसा.