ध्वनिफितीची शुश्रूषा
प्रा. गोपालस्वामी यांनी १९३५ साली म्हैसुरात राहत्या घरी सुरू केलेले 'आकाशवाणी' केंद्र १९५५ साली बंगळुरास आले. आरंभी बोललेला शब्द प्रक्षेपणाबरोबरच विरून जाई. पाव इंच रुंदीच्या चुंबकीय फितीने तो धरून ठेवला.

अशी जुनी फीत हाती लागली, की हौशी माणूस हर्षभरात ती तत्काळ यंत्रावर चढवतो, आणि घात होतो तो तेथेच. सेकंदाला साडेसात इंच धावणारी फीत ध्वनिशीर्षाला घासून जाते. शीर्षावर तांबूस पूड साचली असेल तर तीव्र स्वर मंदावतात. शीर्षच चुंबकित झाले असेल तर ते स्वर प्रत्येक खेपेस थोडेथोडे कायमचे पुसले जातात. म्हणून शीर्ष आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावे, त्याचे चुंबकत्व उतरवावे, कडक झालेला रबरी रोलर बदलावा. १९७० नंतरच्या काही फितींचा लेप दमट हवेने चिकट होतो. अशी फीत किंचाळू लागताच यंत्र थांबवावे.

वाजवून झालेली फीत उलटी गुंडाळू नये. शेजारच्या वेढ्यावर उमटलेला पुसट ध्वनी मग मूळ स्वराच्या मागून येतो. गवयाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचा आवाज ऐकू येणे, यापरीस ते पुष्कळच बरे!